चिंचेने घासलेला बिल्ला

दसऱ्याला देवांची पितळी भांडी घासायला चिंच भिजवली, की तिचा आंबट वास कुवेतमधल्या आमच्या फ्लॅटभर पसरतो आणि मला इथल्याच फरवानिया भागात राहत होतो तेव्हाचे शेजारी सरदारजी आठवतात.

वीस वर्षं झाली. सुट्टीवर पंजाबला जाताना त्यांनी एक पितळी बिल्ला माझ्याकडे जपायला दिला होता. चक्राच्या आत सिंह, खाली पलटणीचं नाव. त्यांचे आजोबा इंग्रजांच्या काळातल्या शीख पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात इथून जवळच, इराकमधल्या बसऱ्याकडे कामी आले. देह तिथेच राहिला. पगडीवरचा बिल्ला तेवढा घरी आला, काळवंडलेला.

मध्ये दसरा आला. शिपायाची वस्तू, शस्त्रांच्या पूजेत ठेवावी म्हणून मी तो चिंचेने लख्ख घासला, हळदकुंकू वाहिलं.

परत आल्यावर सरदारजींनी तो तळहातावर घेतला आणि सिंहाच्या आयाळीतून अंगठा फिरवत काहीतरी शोधत राहिले.

"इसमें वहाँ की मिट्टी थी, बेटी," ते हळूच म्हणाले. मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाले, "पर चमक अच्छी आई है."

तेव्हा त्या शब्दांनी मला बरं वाटलं होतं. आता तेच आठवले की चिंचेत हात घालवत नाही.