आईच्या पापण्यांवरचा जांभळा रंग

मी तेव्हा अष्टमी गावात औषधांच्या दुकानात कामाला होतो. काउंटरमागे सहा वर्षं काढली होती. खरूज, गजकर्ण, घामोळं अंगावर पाहिलं की कुठली ट्यूब द्यायची ते मला पाठ होतं. गिऱ्हाईकं मला डॉक्टरच म्हणायची आणि मला ते आवडायचं.

आमचं गाव पेण तालुक्यात, आतल्या अंगाला. घरी आई आणि वडील दोघंच. पावसाळ्यात भात, नंतर त्याच रानात वाल. मी अष्टमीत खोली घेऊन राहायचो आणि रविवारी गावी जायचो.

माघात एका रविवारी गेलो, तर आईच्या पापण्या जांभळ्या दिसल्या. थोड्या सुजलेल्याही होत्या. बोटांच्या सांध्यांवर लालसर, खरखरीत चट्टे उठले होते.

शेजारची काकू म्हणाली, "बिब्बा उतलाय गो तुला."

"बिब्ब्याला हात कुठं लावलाय मी?" आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू बघ रे. तुझ्याकडं काय असंल तर आन."

पुढच्या रविवारी मी ट्यूब नेली. आठवड्यात रंग फिका झाला. आईनं गावभर सांगितलं, पोरानं बरं केलं. ट्यूब संपली की रंग परत यायचा, मी दुसरी न्यायचो. असं जवळजवळ पावसाळ्यापर्यंत चाललं. ऊन लागलं की चट्टे वाढतात, म्हणून मी तिला डोक्यावरून पदर घ्यायला सांगितलं. माझं ज्ञान तेवढंच होतं.

लावणीच्या दिवसांत ती चिखलात वाकली आणि तशीच बसली. उठता येईना. दोन बायकांनी धरून बांधावर आणली. वडील म्हणाले, "वय झालं आता." तिला पन्नासही पुरी नव्हती.

मग हंडा उचलेना. दोरीवर लुगडं टाकता येईना. गणपतीत मी चार दिवस घरी होतो. सकाळी ती फणी हातात घेऊन नुसती बसलेली दिसली. केस मोकळे, हात मांडीवर.

"विंचरायचे नाय का?" मी विचारलं.

"हात वर जाईत नाय."

"व्यायाम नाय ना तुला. हलवत राहा हात."

काकूला हाक मारून तिनं वेणी घालून घेतली. तेव्हाही तिचे चट्टे आणि तिचे हात या माझ्या लेखी दोन वेगळ्या तक्रारी होत्या. एकीला मलम, दुसरीला शक्तीच्या गोळ्या. दोन्ही मीच दिल्या.

दसऱ्यानंतर तिला घास गिळताना ठसका लागायला लागला. पेज नाकातून परत यायची. तेव्हा कुठे मी तिला पेणला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी पिशवीतून रिकाम्या ट्यूबा काढून टेबलावर मांडत होतो. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. आईच्या पापण्या पाहिल्या, बोटं पाहिली. म्हणाल्या, "मावशी, हात वर करा बरं."

हात खांद्यापर्यंत आले आणि खाली पडले.

त्यांनी तिला आतल्या खाटेवर बसवलं आणि माझ्याशी हळू बोलल्या. "कातडी, दंड आणि गिळणं हे तीन आजार नाहीत. एकच आहे. आणि या वयात हा दिसला की पोटात किंवा छातीत कुठे गाठ आहे का, ते शोधावं लागतं. काही वेळा गाठ आत असते आणि कातडी आधी सांगते."

"मी मलम लावत होतो," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या. मग मुंबईच्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला बसल्या.

मुंबईला नेलं. गाठ अंडाशयात निघाली. पोट उघडलं, तर सगळीकडे पसरली होती. शिवून परत पाठवलं. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, माघातच आणली असती तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी हो म्हटलं असतं किंवा नाही म्हटलं असतं, तर मला कशाला तरी धरून बसता आलं असतं.

दुकान सोडून मी घरी राहिलो. चमच्याचमच्यानं पाणी पाजायचं, कुशीवर वळवायचं. एका दुपारी तिनं मला विचारलं, "कातडीचा रोग पोटात कसा रं गेला?"

तो पोटातूनच कातडीवर आला होता, हे मला तोवर माहीत झालं होतं. ते सांगितलं असतं, तर आठ महिने आपण काय करत होतो हेही सांगावं लागलं असतं.

"जातो कधीकधी," मी म्हणालो.

"तुझ्या मलमानं बरं वाटायचं पन," ती म्हणाली.

पौषात ती गेली. सकाळची वेळ होती. वडील गोठ्यात होते, जवळ मी एकटाच. शेवटचे दोन तास तिला श्वास पुरत नव्हता, आणि डोळ्यांनी ती माझ्याकडे काहीतरी मागत होती. माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर वडिलांनी एकदाच विचारलं, "तरास झाला का रे तिला?"

"नाय," मी म्हणालो. "झोपेतच गेली."

त्यांनी मान हलवली आणि ते बैलांना वैरण टाकायला गेले.