माणूस सगळ्यात शेवटी

“माणूस सगळ्यात शेवटी,” असं म्हणून तो चष्मा काढायचा आणि शर्टाच्या टोकाने काचा पुसत बसायचा. चष्मा उतरला की समजायचं, आता ही मीटिंग लांबणार.

आमचा प्लांट आयर्लंडमधल्या गॉलवेचा. हृदयाच्या शिरेत घालायच्या बारीक नळ्या आम्ही बनवतो. एखादी खेप बिघडली की मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, “ऑपरेटर एरर.” म्हणजे मशीन चांगलं, माल चांगला, साहेब तर चांगलेच, चुकली ती बाकावर बसून काम करणारी बाई. असे लोक तुमच्याही ऑफिसात असतील. माझं डोकं तिथेच फिरायचं आणि मी भांडायला लागायचे. तो भांडायचा नाही. आधी मशीन बघू म्हणायचा, मग माल, मग त्या बाईच्या डोक्यावरचा दिवा, मग तिची खुर्ची. “एका वेळी एकच गोष्ट बदला. माणूस सगळ्यात शेवटी.” बहुतेक वेळा माणसापर्यंत जायची पाळीच येत नसे.

तो कोल्हापूरकडचा. आमच्या वसाहतीत दोन घरं सोडून राहायचा. मराठी मंडळी शनिवारी वडापाव आणि पत्ते करत, तेव्हा हा रायफल घेऊन रानात. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते आवडत नसे. पण इथे हरणं फार झालीत, नव्या झाडांची सालं सोलून खातात, आणि शेतकरीच शिकाऱ्यांना बोलावतात. फक्त ज्याच्या रानात जायचं त्याची परवानगी लागते. याला वसाहतीमागच्या टेकडीवरच्या शेतकऱ्याने ती दिली होती, तीही इथल्या शिकाऱ्यांच्या क्लबाच्या सेक्रेटरीने शब्द टाकल्यावर. ती मिळवायला त्याने दोन हिवाळे त्या क्लबाचे चहाचे कप धुतले होते. परवानगी गेली की शिकार संपली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याची आई २०२०च्या फेब्रुवारीत लेकाकडे चार दिवस राहायला म्हणून आली आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकली. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. मुलाने रायफल दाखवली तेव्हा त्या मुळीच दचकल्या नाहीत. सासऱ्यांची बंदूक त्यांनी घरात पाहिली होती. उसात डुकरं शिरू नयेत म्हणून ती ठेवलेली.

“दसऱ्याला हत्याराला हळदकुकू न्हाई, मग कसला दसरा?” काकू म्हणाल्या. झेंडू मिळाला नाही, म्हणून सुपरमार्केटातली पिवळी फुलं आणली. त्याने रिकामी रायफल पाटावर आडवी ठेवली. काकूंनी तिला हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता ओंजळभर टाकल्या. मी त्यांच्या अंगणात उभी राहून काचेच्या दारातून बघत होते, कारण कुणाच्या घरात जायची तेव्हा बंदी होती.

“माझ्या लेकाचा नेम चुकू देऊ नको,” असं त्या रायफलीला सांगत होत्या.

पुढच्याच आठवड्यात त्याचा नेम चुकला. हरीण जागच्या जागी पडायला हवं होतं, ते पोटात गोळी घेऊन पळालं. भुरभुर पावसात हा दुपारभर नेच्याच्या झुडपांत शोधत फिरला. शेवटी शेतकऱ्याच्या कुत्र्याने ते शोधून काढलं, तेव्हा ते जिवंत होतं. पुढचं त्याने मला कधी सांगितलं नाही. घरी आला आणि गाडीतच बसून राहिला. काकूंनी हाताला धरून आत नेलं. काय झालं ते कळल्यावर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. “मुक्या जनावराचं असं हाल व्हायला नको हुतं,” एवढंच म्हणत राहिल्या.

शेतकरी चिडला, ते मी समजू शकते. पण तो सेक्रेटरी! त्याने रायफल मागवून घेतली, टेबलावर वाळूच्या पिशवीवर मध्यभागी टेकवली आणि पुठ्ठ्यावर गोळ्या झाडल्या. सगळ्या नेमक्या जागी. मग हा नेहमीसारखा पालथा झोपला, दस्त्याचं, म्हणजे नळीखालच्या लाकडाचं, पुढचं टोक आपल्या बॅगेवर टेकवलं आणि झाडल्या. एक डावीकडे, एक वर, एक कुठेतरीच.

“द रायफल्स ग्रँड,” सेक्रेटरी बाकीच्यांना म्हणाला. “इट्स युअर मॅन.” इथे ग्रँड म्हणजे झकास, आणि युअर मॅन म्हणजे हा अमका. दोन वर्षं त्यांचे कप धुणाऱ्या माणसाचं नाव घ्यायची तसदीही त्याला घ्यावीशी वाटली नाही. हिवाळा संपायच्या आत पुन्हा नेम दाखव, नाहीतर रान बंद, असं ठरलं.

हे त्याने मला अंगणातून सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “त्यांच्यातल्या एखाद्याचं असं झालं असतं तर म्हणाले असते का?”

“अगं, आधी स्क्रू तर बघू दे,” तो म्हणाला.

मग त्याच्या गॅरेजमध्ये प्लांटसारखीच तपासणी सुरू झाली. दार सताड उघडं, तो आत, मी बाहेर चहाचा कप घेऊन. वरच्या दुर्बिणीचे स्क्रू सैल झालेत का? नाही. नळीत तांब्याचा मळ साठलाय का? घासून काढला, फरक नाही. नळीच्या तोंडाला कुठे टवका गेलाय का? भिंगाखाली बघितलं, तोंड साफ. काडतुसं बदलली. दुर्बीण बदलली. एका वेळी एक. प्रत्येक बदलानंतर चांदमारीला जायचा आणि मान खाली घालून परत यायचा. चांदमारीची जागा बंद झाल्यावर तेही थांबलं.

एक दिवस त्याने चहाचा कप माझ्यासमोर हात लांब करून धरला. “नीट बघ हं. हात थरथरतो का माझा?”

“नाही थरथरत.”

“डोळे तपासून घेतो,” तो म्हणाला. “बाकी सगळं बघून झालं. आता माणूसच राहिला.”

ते ऐकून मला रडूच आलं. ज्याने प्लांटमधल्या कुठल्याही बाईवर असं बालंट येऊ दिलं नाही, तो स्वतःच्या हाताकडे संशयाने बघत होता, आणि तेही त्या नाव न घेणाऱ्या सेक्रेटरीमुळे.

डोळे उत्तम निघाले. त्यानंतर एका रविवारी, बहुधा करायला काही उरलं नाही म्हणून, त्याने कागदाची पट्टी घेतली. अशा रायफलीची नळी लाकडाला कुठेही टेकलेली नसते, मध्ये जराशी फट असते. तो पट्टी त्या फटीतून ओढत गेला. “हे तर रायफल घेतली तेव्हाच तपासलं होतं,” असं पुटपुटतोय तोच पट्टी अडली. मागे घेतली, पुन्हा सरकवली. पुन्हा तिथेच अडली.

त्याने दस्ता सोडवला. खाचेत, नळीच्या बरोबर खाली, तांदळाचा एक दाणा होता. लाल, दमटपणाने फुगलेला, लाकडाला घट्ट चिकटलेला. दस्ता मध्यभागी टेकवला तर काही होत नव्हतं. पुढचं टोक टेकवलं की लाकूड किंचित वाकत होतं, दाणा नळीला रेटत होता आणि गोळी भलतीकडे जात होती. सेक्रेटरीने रायफल मध्यावर टेकवली आणि याने टोकावर, एवढाच काय तो फरक.

“सापडला!” मी ओरडले. “उद्याच्या उद्या त्या सेक्रेटरीच्या नाकासमोर धर!”

“हळू बोल,” असं म्हणत तो उठला आणि घरात उघडणारं दार त्याने आधी लावून घेतलं. आत काकू कुकर लावत होत्या.

“अरे, लपवायचं काय त्यात? तुझी चूक नव्हती!”

“आईच्या अक्षता आहेत त्या,” तो म्हणाला. “ते हरीण कशामुळे तसं मेलं, हे तिला कळायला नको.”

दाणा त्याने चिमटीत धरून कुंडीत टाकला आणि वर माती लोटली.

चांदमारी पुन्हा उघडली, तेव्हा मी मुद्दाम गेले. मला त्या सेक्रेटरीचं तोंड बघायचं होतं. हा पालथा झोपला, टोक बॅगेवर टेकवलं आणि एकामागून एक अशा गोळ्या झाडल्या की पुठ्ठ्यावर सगळ्यांचं मिळून एकच भोक दिसावं. शेतकऱ्याने शीळ घातली.

“सो वॉट वॉज इट?” सेक्रेटरीने विचारलं.

याने चष्मा काढला. काचा पुसल्या. मी मनात म्हटलं, आता सांग. निदान स्क्रू सैल होता म्हण.

“मी,” तो इंग्रजीत म्हणाला. “ऑपरेटर एरर.”

सेक्रेटरीने हसून सगळ्यांकडे बघितलं. “टोल्ड ये.” म्हणजे, सांगितलं नव्हतं का तुम्हाला! परवानगी राहिली, पण यापुढे क्लबातला एक जण बरोबर असल्याशिवाय जायचं नाही, अशी अट घातली. शिकाऊ पोरांना घालतात तशी! हा “ग्रँड, ग्रँड” म्हणत मान हलवत होता.

गाडीत मी त्याला वाट्टेल ते बोलले. स्क्रूचं खोटं सांगून भागलं असतं की, म्हणाले. तो म्हणाला, “स्क्रू म्हटलं असतं तर कोणता, कसा, सगळं खोदून विचारलं असतं. माणूस म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही.” आणि हे इतकं खरं होतं की मला आणखीच राग आला. तो अजून गेलेला नाही. त्या लोकांना जे ऐकायचं होतं, तेच त्याने त्यांना आपल्या तोंडाने दिलं.

कुणाच्या पहाऱ्यात तो रानात गेला नाही. पुढच्या वर्षी विमानं सुरू झाली तेव्हा त्याने रायफल विकली, नोकरी सोडली आणि आईला घेऊन कायमचा कोल्हापूरला निघाला. डब्लिनच्या विमानतळावर मीच सोडणार होते. निघताना काकूंनी मला कुंकू लावलं. मग म्हणाल्या, “थांब गं, तुझ्या गाडीवरबी दोन दाणं टाकू दे.” आणि समोरच्या काचेवर मूठभर अक्षता उधळल्या. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच चष्मा काढला.

वाटेत अॅथलोन गावाच्या पुढे पाऊस लागला. वायपर फिरला आणि माझ्या डोळ्यांसमोर काचेवर एक लांब ओरखड्यासारखी रेघ राहिली. दर फेरीला तीच रेघ, तिथेच. पात्याखाली काहीतरी बारीक, लाल अडकलं होतं.

“का गं, काच नीट पुसंना व्हय?” काकूंनी मागून विचारलं.

“वायपर चांगला आहे आई,” शेजारी बसलेला तो गंभीरपणे म्हणाला. “हिलाच चालवता येत नाही.”

मी वळून त्याच्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर वाटेतच उतरला असता. मग पुढे बघितलं.

“हो काकू,” मी म्हणाले. “माझंच चुकतंय.”

त्यांना आत सोडून परत निघाले तेव्हाही पाऊस होताच. शेजारची सीट रिकामी होती. गॉलवेपर्यंत ती रेघ डोळ्यांसमोर होती, आणि मी गाडी कुठेही थांबवली नाही.