लायब्ररीच्या पैशांची ओटी

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे मी अंदाजाने ठरवते. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण पुढेमागे नातीच्या हाती पडलीच, तर आधीच माफी मागून ठेवते. आणि तिला मराठी वाचता येत नाही, तेही एका परीने बरंच आहे.

कोरोनाचं पहिलं वर्ष. मी मुलाकडे ऑस्ट्रेलियात तीन महिन्यांसाठी आले आणि विमानंच बंद झाली. मुलाचं गाव मेलबर्नपासून अडीच तासांवर. एक रस्ता, एक बेकरी, एक पेट्रोल पंप आणि एक लायब्ररी. परक्या माणसांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. लायब्ररीत तर हळू बोलायचा नियमच होता, म्हणून ती जागा मला फार आवडली. नात आणि मी तिथे चष्मा हरवलेल्या पेलिकन पक्ष्याचं चित्रांचं पुस्तक वाचायचो. एकेक अक्षर लावत मी बाराव्या पानापर्यंत आले होते. चष्मा अजून सापडला नव्हता. लायब्ररीतल्या लाल केसांच्या बाई ते पुस्तक आमच्यासाठी बाजूला ठेवायच्या.

तिथलं छप्पर गळायचं. मुलांच्या पुस्तकांपाशी कायम एक बादली. छपराच्या पैशांसाठी गावाने ठरवलं, की ख्रिसमसला सजवलेली पाच घरं लोकांना बघायला उघडायची. तिकीट दहा डॉलर. सून लायब्ररीच्या कमिटीत होती. तिने आपलं नाव देऊन टाकलं.

"लोक नुसतं घर बघायचे पैसे देणार?" मी विचारलं.

"हो आई."

"हे? भाड्याचं?"

"हो आई."

"मग संडास पण घासून ठेवू का?"

सुनेने झाड उभं केलं. मी दिवाळीचा आकाशकंदील पुन्हा दारात टांगला आणि पायरीवर रांगोळीचा सांताक्लॉज काढला. नात वाकून बघायला लागली. मग म्हणाली, "दॅट्स नॉट सांता, आजी. दॅट्स माय डेंटिस्ट."

त्या दिवशी मुलगा फाटकाशी कार्डाचं मशीन घेऊन बसला. एका वेळी सहाच माणसं आत सोडायची. सून दुसऱ्या घरी मदतीला गेली. मला काम एकच, दाराशी उभं राहून हसायचं. मास्क लावून हसायचं काम मला झेपण्यासारखं होतं.

दाराजवळच्या टेबलावर सॅनिटायझर आणि बिस्किटांचा निळा डबा होता. बिस्किटं असतील म्हणून उघडला, तर आत पाच-पाच डॉलरच्या कोऱ्या नोटांचं बंडल! मला भरूनच आलं. आपल्याकडे लेकरू पहिल्यांदा घरी आलं की त्याच्या हातावर काहीतरी ठेवतात, बाई आली की ओटी भरतात. सुनेने सगळं लक्षात ठेवून बँकेतून नव्या नोटा आणल्या, असं मी समजले. खरं तर ते लायब्ररीचे सुट्टे पैसे होते, कुणी तिकिटाला मोठी नोट दिली तर परत द्यायला. पण कोरोनात जो तो कार्डच टेकवत होता, म्हणून मुलाला डब्याची आठवणही झाली नाही.

पहिली तीन मुलं आली. तिघांना एकेक नोट. त्यांची आई "नो, नो" करत मागे सरकली. आपल्या बायकाही घेण्याआधी तीनदा नको म्हणतात, म्हणून मी मागे हटले नाही. पण दीड मीटर लांब राहायचं, तर ओटी भरायची कशी? मी स्वयंपाकघरातून आमटी वाढायचा लांब दांड्याचा डाव आणला. त्यात मूठभर तांदूळ, नारळाच्या जागी एक जर्दाळू आणि वर नोट. हात लांब करून डाव पुढे केला. पदर कुणालाच नव्हता. कुणी टी-शर्टचं टोक पसरलं, कुणी टोपी उलटी धरली. मग माझा हात जो सुरू झाला, तो थांबेचना. एक शब्द न बोलता इतक्या माणसांचं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

अर्ध्या तासात रांग रस्त्यापर्यंत गेली. मुलगा फाटकाशी बसूनच ओरडला, "आई, आपलं घर हिट आहे!"

पुरुषांना ओटी नाही, असं मी ठरवलं होतं. पण एक म्हातारबाबा गवती टोपी पुढे करून असे गरीब उभे राहिले, की मी त्यांनाही वाढलं. थोड्या वेळाने ते क्रिकेटची टोपी घालून आले. मग बायकोची फुलाफुलांची टोपी घालून. चपला-बूट मी सगळ्यांनाच बाहेर काढायला लावत होते, त्यामुळे त्यांचे मोजे मला पाठ झाले होते. मोज्यांवर अननस होते. तरी तिसऱ्यांदाही दिले. एवढी हिंमत केली होती माणसाने.

संध्याकाळी सून आली. तिने डबा उघडला. "आई, यातले पैसे?"

"दिले की."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

चाळीस नोटांतल्या तीन उरल्या होत्या. मुलगा हसून हसून पायरीवर बसला, तो नेमका सांताक्लॉजवर. दाढी त्याच्या पँटला लागली. सून मात्र हसली नाही. डबा तिने स्वतःच्या सहीवर आणला होता.

"अहो आई, लोक लायब्ररीला द्यायला आले, आणि आपण लायब्ररीचेच त्यांना वाटले! आता कमिटीत मी काय तोंड दाखवू?"

"मी भरतो गं, फोनवरून आत्ता पाठवतो," मुलगा म्हणाला.

मी नको म्हटलं. सही तिची, पण हात माझा होता. एकशे पंच्याऐंशी डॉलर मीच फेडणार, आणि फिटेपर्यंत लायब्ररीत पाऊल ठेवणार नाही, असं सांगून टाकलं.

"बट आजी, पेलिकन?" नात म्हणाली. मी उठून बॅग उघडली.

माझ्या बॅगेत दोन सुती साड्या होत्या. सुनेच्या मशीनवर त्यांचे सदतीस मास्क शिवले. एक मास्क पाच डॉलर. सुनेने ते लायब्ररीच्या काउंटरवर ठेवले. आठवडाभरात खपले तीन. लाल केसांच्या बाईंनी निरोप पाठवला, की मी स्वतः येऊन बसावं.

मी लायब्ररीच्या बाहेर, व्हरांड्यात बसले. शपथ मोडायची नव्हती. मान खाली, शेजारी नात. पहिलीच बाई आली आणि हात लांब करून काहीतरी वाढल्याची खूण करायला लागली.

"आजी, शी वॉन्ट्स द बिग स्पून," नात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डाव घेऊन गेले. बायका मास्क उचलायच्या आणि नोट डावात टाकायच्या, मी ती निळ्या डब्यात ठेवायचे. एकीने वर जर्दाळूही ठेवला. मान थोडी वर करून बघायला जमू लागलं.

शेवटी तीन मास्क उरले. समोर अननसाचे मोजे येऊन थांबले. बाबांनी तिन्ही मास्क घेतले, डावात तीन नोटा ठेवल्या आणि हळूच काहीतरी म्हणाले. नात खिदळायला लागली.

"आजी, ही सेज ही ओन्ली हॅड थ्री हॅट्स."

मी चपला काढल्या, डबा उचलला आणि आत गेले. लाल केसांच्या बाईंनी नोटा दोनदा मोजल्या. चाळीस. दोनशे डॉलर. सुनेच्या सहीचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला, आणि खालच्या खणातून आमचं पुस्तक काढून दिलं. पैसे पुरते फिटले होते. शेवटच्या पानावर कळलं, चष्मा त्या पेलिकनच्या चोचीतच होता.