शेवटच्या एसटीचा हॉर्न

आता हे कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! चहा घ्या, घ्या. पण मी बोलत असताना घोट घेऊ नका. मागच्या वेळी हे ऐकता ऐकता एकाच्या नाकातून चहा आला होता.

मी पोटापाण्यासाठी फुटबॉल खेळतो, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावकडे हे सांगितलं की लोक मान हलवतात आणि विचारतात, "ते ठीक हाये रे शेखर, पण काम काय करून राहिला?" अहो, हेच काम! नागपूरला हॉलमध्ये खेळतो. पाच-पाच जण, खाली गुळगुळीत फरशी, डोक्यावर पत्रे. पण मला वेड होतं बाहेरच्या फुटबॉलचं. अकरा जण, खरं गवत, वर आभाळ. त्या आभाळाचं तर फारच.

कारण स्वप्नं पाहणं हा माझा जुना आजार. लहानपणी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, खेळायचो तेव्हा धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, बगळा उतरला की मी त्याच्याकडे बघत उभा राहायचो आणि बाजूनं गोल होऊन जायचा. "हा पोट्टा झोपून राहिला बाप्पा!" असं सगळे ओरडायचे. मी झोपलेला नसायचो हो. मी फक्त तिथं नसायचो.

तर ती बांधी. धान कापून झालं की रस्त्याकडेच्या बांधीत शाळेनंतर आमचा खेळ चालायचा. पंच नाही, घड्याळ नाही. मग खेळ संपला हे कसं कळणार? तर वळणावर शेवटची एसटी हॉर्न द्यायची. हॉर्न ऐकू आला की खेळ खलास. बॉल माझा होता, बाबूजींनी, माझ्या वडिलांनी, आठवडी बाजारातून आणलेला. म्हणून हॉर्न वाजला की बॉल जिथं असेल तिथून मी उचलायचा, काखेत मारायचा आणि बसकडे पळायचं. एक सेकंद उशीर झाला की गावापर्यंत पायी. किती वर्षं केलं हे, विचारू नका. कानात हॉर्न शिरला की हात आपोआप खाली जायचे.

पुढं नागपूरच्या हॉलमध्ये गेलो, तर तिथंही वेळ संपली की भोंगा वाजतो! मला अगदी घरच्यासारखं वाटलं. भोंगा वाजला की मी बॉल उचलायचो. सगळ्यांना वाटायचं, काय शिस्तीचा पोरगा आहे.

मग एकदा बाहेरच्या मैदानावर खेळणाऱ्या एका संघानं मला बोलावलं. सामना गोंदियातच होता. त्यांचे कोच, आम्ही त्यांना सर म्हणायचो, सामन्याआधी माझ्या कानाशी आले. "देख शेखर, कराराचा कागद खिशातच आहे. आज जिंकलो की संध्याकाळी तुझी सही. समझा?"

समझा म्हणजे काय! मी लगेच घरी फोन लावला. "बाबूजी, सगळे या."

सगळे आलेच की! मधुमामाच्या पिकअपमधून. मधुमामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ, तांदळाचे कट्टे, म्हणजे पोती, वाहतो. त्यानं कुठल्याशा भंगारातून जुन्या एसटीचा हॉर्न आणून गाडीला बसवला होता, आणि त्या हॉर्नचं त्याला पोटच्या पोरापेक्षा जास्त कौतुक. गाडी मैदानाच्या अगदी रेषेला लागून उभी केली. आणि मी, मीच बरं का, खिडकीत वाकून सांगितलं, "मामा, मी गोल केला की वाजव. दाबून वाजव."

"तू कर तं खरी," मामा म्हणाला.

सामना अडकून पडला होता. ना त्यांचा गोल, ना आमचा. शेवटची पाच-सात मिनिटं राहिली असतील. उजवीकडून बॉल आला, मी पाय लावला आणि बॉल जाळीत! खरं सांगतो, असा गोल मी आयुष्यात पुन्हा मारला नाही. पोरं माझ्या अंगावर चढली. हॉर्न मात्र वाजला नाही. मामा मुरमुरे-चिवडा खाऊन, तोंडावर दुपट्टा ओढून स्टिअरिंगवर झोपला होता, हे नंतर कळलं.

मला त्याचं काही वाटलंही नाही, कारण मी तोवर निघून गेलो होतो. म्हणजे उभा होतो आमच्याच गोलसमोर, बचावाला. पण ऊन असं तिरपं आलेलं, गवत चमकत होतं, वर बगळ्यांची रांग चाललेली. मला कागद दिसत होता. त्यावर माझी सही, खाली दोन रेघा. बाबूजी पानठेल्यावर बसून सांगतायत, "पोरगा मैदानावर खेळते आता, मोठ्या." आणि पानठेल्यावर कोणीच विचारत नाही की काम काय करून राहिला.

तेवढ्यात बॉल घरंगळत माझ्या पायाशी आला. आणि तिकडे बाबूजींनी मामाला गदागदा हलवलं. "ऊठ ना बे! शेखरनं गोल केला!"

मामानं वाजवला. दाबून वाजवला.

मी खाली वाकलो, बॉल उचलला आणि काखेत मारला.

संपलं! जिंकलो! मी समोरच्या संघाच्या कप्तानाशी हात मिळवला. "छान खेळलात," म्हटलं. तो म्हणाला, "अरे भाई, पर..." बिचारा हरल्यामुळं गडबडलाय असं वाटून मी माझी जर्सी काढून त्याच्या हातात दिली. आठवण म्हणून!

हे बघून आमच्या लोकांना वाटलं, खरंच संपलं. बाबूजी हार घेऊन रेषा ओलांडून आत. मागं काका, मागं शेजारी, मागं डफडं! माझ्या गळ्यात हार पडला आणि त्याच वेळी पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं, बॉलला हात लावला म्हणून. मग जर्सी काढली म्हणून आणखी एक पिवळं. मग लाल. लाल दिसलं तेव्हा मला वाटलं, बक्षिसाचंच काहीतरी असेल. मी नमस्कार केला हो पंचांना!

सर धावत आले. चेहरा त्या कार्डासारखाच.

"शेखर! बॉल हाथ में क्यों लिया?"

"सर, एसटी आली."

"कौन सी एसटी?"

"शेवटची, सर."

सरांनी वळून पाहिलं. मागं मामा अजून वाजवतच होता.

पुढं काय, पेनल्टी. गोल. बरोबरी. मी ते पाहिलंही नाही. मैदानाबाहेर काढलं तेव्हा तसाच जाऊन पिकअपमध्ये बसलो. अंगात बनियन, गळ्यात झेंडूचा हार. लाज अशी वाटत होती की रडूही येईना.

गाडी गावाच्या वाटेला लागली. बरंच अंतर गेल्यावर बाबूजी हळूच म्हणाले, "काऊन रे, आता नाई घेणार काय तुले?"

"पाहू," मी म्हणालो. मामा रस्त्यावरून नजर न हलवता म्हणाला, "गोल तं बढिया होता म्हणतेत. मले उठवाले पाहिजे होतं."

दोन्हीकडे धानाच्या बांध्या सोनेरी झाल्या होत्या. आणि बघा हो, माझा आजार! मला वाटायला लागलं, गोल तर आपलाच होता ना. सर माणूस मनानं चांगला. रागावतील, मग शांत होतील. खिशात हात घालतील, कागद लागेल हाताला...

आणि फोन वाजला. सर! मामानं गाडी बाजूला घेतली. बाबूजींनी हात जोडले.

"सर!" मी जवळजवळ ओरडलोच. "सही करायला केव्हा येऊ?"



"सही को छोड़," सर म्हणाले. "पेनल्टी दुसऱ्या बॉलनं मारावी लागली. पहले मॅचचा बॉल आणून दे."

मी खाली पाहिलं. काखेतच होता.