परसातलं तळं आणि अकरा अंडी

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात बायको म्हणाली, "मागं कोंबड्या ठेवू. आन् बदकं बी."

मी तेव्हा मंडल ऑफिसात, म्हणजे तहसीलसारख्या सरकारी कचेरीत, ज्युनिअर असिस्टंट होतो. गुडीहत्नूरला हायवेपासून थोडं आत भाड्याचं घर होतं. मागं मुरमाड जागा, बाभळीची झुडपं आणि न्हाणीच्या पाण्याचा चिखल. आमच्याकडे आजोबांपासून सगळे नोकरदार, घरात कधी मांजरही पाळलेलं नाही. ती मात्र भीमपूरकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातली. मला वाटलं, चार फळ्या ठोकल्या की झालं खुराडं.

तिनं आठवडाभर काहीच केलं नाही. सकाळ-दुपार-संध्याकाळ नुसती मागं जाऊन बसायची. एकदा मला हसू आलं.

"तुमी काऊन हसून राह्यले?" ती म्हणाली. "ऊन कुठून येते, पानी कुठं वाहून जाते, हे पाह्यल्याबिगर बांधू कसं?"

मग एका रविवारी तिनं काठीनं जमिनीवर रेघा ओढल्या आणि मला कामाला लावलं. माहेरून पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, वाळक्या काड्या आल्या होत्या. त्यांचा कूड विणून तिनं दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपली. कोंबड्यांचं घर दगडांवर उंच बसवलं. त्याच्या तळाला बांबूच्या पट्ट्या फटी ठेवून बांधल्या, म्हणजे घाण आपोआप खाली पडेल. बदकांना चढता येत नाही, म्हणून त्यांची खोली जमिनीलगत, दार बुटकं आणि रुंद. कागदावर एक आकडाही न मांडता तिनं हे सारं केलं, आणि कुठे बोटभरही वाकडं नाही. कूड धरून उभा असलेला मी तिच्याकडे पाहत राहायचो.

तळं मात्र पहिल्यांदा फसलं. खड्डा खणून भरला, दुपारपर्यंत मुरमानं सगळं पाणी पिऊन टाकलं. ती खट्टू झाली नाही. जवळच्या शेतातून काळी माती आणवली, भिजवली, आणि साडी खोचून तुडवायला लागली. मीही पँट वर दुमडली. दोन दिवस आम्ही दोघं त्या चिखलात गोल गोल फिरलो. तिसऱ्या सकाळी पाणी काठोकाठ तसंच होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं. मी हातातला चहा विसरून गेलो. तळ्याचं पाणी उतू जाईल तिथे तिनं अळू आणि केळीची रोपं लावली, न्हाणीचा पाट वळवून गवती चहाकडे नेला.

कोंबड्या आणि बदकं आली, रुळली. पावसाळा सरल्यावर एक कोंबडी खुडूक झाली, अंडी उबवायला बसू लागली. बायकोनं तिच्याखाली बदकाची अकरा अंडी ठेवली. एकवीस दिवस झाले, काही नाही. शेजारच्या काकू येऊन सांगून गेल्या, "सडले ते. फेकून दे, पोरी."

मलाही तसंच वाटलं. "कोंबडी वाळून चालली आहे," मी म्हटलं. "पुरे कर आता."

"बदकाले आठ दिवस जास्त लागते," ती एवढंच बोलली.

पंचविसाव्या दिवशी मी ऑफिसला निघालो होतो, तेवढ्यात तिनं मागून हाक मारली. घमेल्यात कोमट पाणी होतं. एकेक अंडं तिनं अलगद पाण्यात सोडलं.

"आता हात नका लावू. नुसतं पाहा."

पाणी अगदी शांत झालं, वाराही नव्हता. आणि एक अंडं हललं. जरासं डोललं, थांबलं, पुन्हा डोललं. मग दुसरं. मग तिसरं. बंद कवचाआडून कोणीतरी पाय झाडत होतं. माझ्या अंगावर काटा आला. सायकलला पिशवी अडकवलेली तशीच राहिली आणि मी तिथे मातीत बसलो. अकरांपैकी नऊ हलली. दोन तशीच तरंगत राहिली, ती तिनं बाजूला काढली आणि बाकीची पुसून पुन्हा कोंबडीखाली ठेवली.

ऑफिसात उशिरा पोचलो. साहेबांना खरं कारण सांगितलं. ते नेल्लूरकडचे, तेलुगू बोलणारे, मराठी येत नसे. ते रागावले नाहीत. "अंडा पानी में हिलता है?" असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि पिल्लं बाहेर पडल्यावर एका संध्याकाळी स्वतःच घरी आले. नऊ पिवळी पिल्लं तळ्यात शिरली होती. कोंबडी काठावर ओरडत येरझाऱ्या घालत होती. एवढा कडक माणूस, पण उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बातु पिल्ललु." बदकाची पिल्लं. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघंही काठावर बसून होतो.

ते गेल्यावर मी बायकोला विचारलं, "तुला खात्री होती ना, अंडी हलतील म्हणून?"

"आई करे, ते लहानपनी पाह्यलं होतं," ती म्हणाली. "माह्या हातानं पयल्यांदाच केलं. अंडं हललं तवा मीच भ्याली."