कागदावरचं तिसरं चक्र

दारूकामाचे फोटो काढायला डोळ्यांपेक्षा पाय जास्त लागतात, असं एर्लिंदा ओल्वेरा म्हणायची, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचे पाय तिच्याशी उघड भांडायला लागले होते. सान हेरोनिमोच्या जत्रेचा दिवस म्हणजे सकाळपासून उभं राहणं. आधी सात बाप्तिस्मे. मग पांढऱ्या झग्यातल्या बारा मुली, त्यातली एक तरी ऐन वेळी भोकाड पसरणारच. मग बँडवाले, मग नवस फेडायला घोड्यावर आलेली मंडळी. घोड्याचाही चेहरा नीट आला पाहिजे, नाहीतर मालक रुसतो. संध्याकाळी सगळं गाव मोले नावाचा झणझणीत रस्सा आणि भात चापून सुस्तावलेलं असे, तेव्हा ही बाई सामानाचं ओझं पाठीवर घेऊन पावभट्टीच्या गच्चीची शिडी चढत असे. चौतीस वर्षांत एकदाही कुणी खालून शिडी धरली नव्हती. ती हे कुणाला बोलून दाखवत नसे, पण विसरलीही नव्हती.

काम मुळात बापाचं. त्याचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा चोविशीतली एर्लिंदा त्याच्या जागी गच्चीवर गेली, ती तिथेच राहिली. लग्न राहून गेलं. का राहिलं, असं कुणी विचारलं तर म्हणे, "त्या दिवशी जत्रा होती."

बापाने शिकवलं ते असं. दारूकामाचा मनोरा म्हणजे चार मजली इमारतीएवढा लाकडाचा सांगाडा. त्यावर चक्रं, फुलं, गरुड, आणि सगळ्यात वर मुकुट. हे सगळं एकदम पेटत नाही. वात वर चढेल तसं एकामागून एक पेटतं, म्हणून पूर्ण मनोरा एका वेळी कुणालाच दिसत नाही. फोटोत मात्र तो अखंड आणायचा. दिवसाउजेडीच चर्चच्या घंटेवर नेम धरून भिंग पक्कं करायचं. रॉकेटचा धूर कुठे जातो ते पाहून वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. स्टँडला विटांची पिशवी टांगायची. अंधार पडला की शटर उघडून तसंच ठेवायचं आणि भिंगावर काळी टोपी धरायची. चक्राने वेग घेतला की टोपी काढायची, एक 'हेल मेरी' म्हणून होईपर्यंत थांबायचं, पुन्हा झाकायचं. पांढऱ्या आगीला अर्धीच प्रार्थना, लाल आगीला दीड. मग पुढच्या चक्राची वाट पाहायची. असा पाऊण तास, एकाच फिल्मवर. सारखा हात वर, सारखं लक्ष, आणि मध्ये शिंकायचीही सोय नाही.

त्या फिल्मवरून काढलेल्या फोटोच्या कागदाला गावात निवाड्याचा मान होता. पूर्वी एकदा गरुड पेटला की नाही यावरून डोकी फुटली होती. धुरात अर्ध्या गावाला दिसला, अर्ध्याला नाही. तेव्हापासून ठरलं की एर्लिंदाच्या कागदावर दिसेल ते खरं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्सवाच्या त्या वर्षीच्या कारभाऱ्याच्या घरी पंगत बसे, भिंतीवर आधीच्या सगळ्या वर्षांचे कागद टांगलेले असत, ती नवा कागद घेऊन जाई, आणि तो पाहून पुढच्या वर्षीच्या मनोऱ्याचा शब्द दिला जाई. फिरलेलं चक्र कागदावर भरल्या थाळीसारखं गोल उमटतं. अडकलेलं एकाच बाजूला पिचकारी मारतं. थाळ्या पूर्ण असतील तर मनोरा बांधणाऱ्या माएस्त्रोच्या गळ्यात फुलांचा हार पडे. एक जरी पिचकारी दिसली तरी शब्द दुसऱ्या माएस्त्रोला. राखेवरून काही कळत नाही, कारण अडकलेल्या चक्राच्याही नळ्या जळून जातातच. आणि माएस्त्रोच्या माणसांची साक्ष कोण धरणार, ते सगळे त्याचे जावई.

एकोणीस वर्षं तो हार ओदिलोन कास्त्रेहोन याच्या गळ्यात पडत होता. त्याच्या थोरल्या मुलीची एर्लिंदा धर्ममाता, म्हणून दोघं एकमेकांना कोमाद्रे, कोंपाद्रे म्हणत आणि अहोजाहो करत. ओदिलोनने स्वतःचा मनोरा कधीच पाहिला नव्हता. पेटवणारा बुंध्याशी उभा, मान खाली, टोपीवर ठिणग्यांचा पाऊस. ऐकलाही नव्हता, कारण बार काढून काढून एक कान पार गेलेला आणि दुसरा निम्मा. दुसऱ्या दिवशी एर्लिंदाच्या कागदावर त्याला कळायचं, की काल आपण काय केलं. तो कागद तो फार वेळ पाहत बसे, इतका की मोले थंड व्हायचा.

त्या वर्षी तिचा पाय सकाळपासूनच ठणकत होता. वारा पडला होता, पहिल्या दोन चक्रांचा धूर चौकातच बसून राहिला. खालून लोक ओरडत होते की काही दिसत नाही. गच्चीवरून दिसत होतं. तिने दुसरं चक्र घेतलं, टोपी भिंगावर ठेवली, हात स्टँडवर टेकवला आणि डोळे मिटले, फक्त जळजळ थांबावी म्हणून.

कान जागे होते, हे ती पुढे शपथेवर सांगत असे. तिसऱ्या चक्राची शिटी तिने ऐकली. जवळ येणारी, लांब जाणारी, पुन्हा जवळ येणारी. अडकलेलं चक्र एका सुरात सरळ ओरडतं. हे गात होतं. ते ऐकतच ती उभ्या उभ्या झोपली. शिटी बारीक होऊन थांबायला आली तेव्हा दचकून तिने टोपी उचलली. चक्र थांबलेलं होतं आणि उरलीसुरली आग एका बाजूने गळत होती. तेवढीच फिल्मवर गेली.

पहाटे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत कागद पाण्यातून वर आला तेव्हा तिला नवल वाटलं नाही. चार थाळ्या पूर्ण, गरुड झकास, मुकुट पार वर उडालेला, आणि बरोबर मध्ये तिसऱ्या चक्राच्या जागी पिचकारी. ती स्टुलावर बसून राहिली. तिला स्वतःची चीड आली, मग बापाची, मग त्या पाय ठणकवणाऱ्या बारा मुलींची. चौतीस वर्षांत एकदा डोळा लागला तर काय बिघडलं, असं म्हणून पाहिलं. बिघडलं होतं ते दुसऱ्याचं.

कारभाऱ्याच्या घरापर्यंत जाताना तिने गप्प राहायचं ठरवलं. बोललं तर भिंतीवरचे चौतीस कागद एका दिवसात रद्दी होतील. ओदिलोनला दुसऱ्या गावातही मनोरे आहेत, तो काही उपाशी मरत नाही. तिच्याकडे मात्र गावात एवढीच एक गोष्ट होती, की तिचं खरं मानतात.

त्या वर्षीचा कारभारी क्रिसोफोरो, मक्याच्या गिरणीचा मालक. त्याने हात पुसून कागद घेतला, पाहिला, भुवया वर केल्या आणि शेजारच्याला दिला. कागद टेबलभर फिरला. शेवटी ओदिलोनपुढे आला. स्वच्छ पांढरा शर्ट, भुवया जळलेल्या. त्याने चष्मा लावला.

"अडकलं," तो म्हणाला. मग नेहमीसारखं जरा मोठ्यानेच, "आसाचा खिळा मीच जास्त ठोकला असणार. माझीच चूक. आता बोटांना अंदाज राहिला नाही."

त्याने वाद घातला असता तर एर्लिंदा गप्प राहिली असती. कागद खोटा आहे म्हणाला असता, तर ती स्वतःच्या कागदासाठी भांडलीही असती. पण या माणसाने तिच्या झोपेचा दोष स्वतःच्या बोटांवर घेतला होता, आणि त्यावर त्याचा विश्वासही बसला होता. तिच्याने ते पाहवेना.

"मी झोपले होते," ती म्हणाली.

"कुठे?" क्रिसोफोरोने विचारलं.

"गच्चीवर. उभ्या उभ्या. तिसरं चक्र फिरलं, मी ऐकलंय. टोपी काढली तोवर ते थांबलं होतं."

कुणीतरी हसलं आणि आपण एकटेच हसतोय हे कळून गप्प झालं. क्रिसोफोरोने भिंतीकडे हात केला. "आणि हे सगळे? यातल्या कितींच्या वेळी झोपल्या होतात, एर्लिंदाबाई?"

"एकाच्याही नाही. पण आता माझं का मानाल तुम्ही?"

त्याने खरंच विचार केला. माणूस वाईट नव्हता. बाकीच्यांशी डोकं जुळवून त्याने निकाल सांगितला: एकाने ऐकलं म्हणून सोडलं तर पुढच्या वर्षी शंभर जण ऐकतील. कागद म्हणतो अडकलं, तर अडकलं. शब्द दुसऱ्या माएस्त्रोला. आणि पुढच्या वर्षी फोटोला शहरातून माणूस बोलावू, म्हणजे एर्लिंदाबाईंनाही विश्रांती. हे शेवटचं त्याने चांगुलपणाने म्हटलं, आणि तेच तिला जास्त लागलं. लाज वाटली ती मात्र आणखी वेगळ्या गोष्टीची. पुन्हा ती शिडी चढायची नाही, हे ऐकून तिच्या गुडघ्यांना बरं वाटलं होतं.

ती जेवायला थांबली नाही. बाहेर पायरीवर बसून चपलेचा पट्टा सैल करत होती, तेवढ्यात ओदिलोन मागे आला.

"कोमाद्रे, आत काय बोललात? मला 'झोपले' एवढंच कळलं. बाकी सगळ्यांची तोंडं हलताना दिसली."

म्हणजे परत सांगणं आलं, आणि तेही रस्त्यात, ओरडून. समोर तमाले विकणारी बाई टोपलीवरचं फडकं सोडून बघायला लागली. एर्लिंदाने त्याच्या निम्म्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. झोपले, टोपी झाकलेली राहिली, पिचकारी माझी, तुमची नाही.

तो रागावेल म्हणून ती थांबली. तो शेजारी बसला.

"फिरलं?"

"फिरलं."

"पाहिलंत?"

"ऐकलं."

"कसं?"

तिने तोंडाने शिटीचा आवाज काढून दाखवला. जाड, मग बारीक, जवळ, लांब, पुन्हा जवळ. दात पडल्यामुळे हवा निसटत होती. तमालेवाली हसली. ओदिलोन हसला नाही. डोळे मिटून, मान तिच्याकडे करून तो शेवटपर्यंत ऐकत राहिला, आणि त्याच्या गालावरून पाणी आलं ते त्याने पुसलं नाही.

"एकोणीस वर्षं," तो म्हणाला, "मला वाटायचं सगळी चक्रं सारखीच वाजत असतील."

"नाही. पहिलं घोगरं होतं."

"आणि चौथं?"

तिला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. तिने दुसरी चप्पलही काढली आणि चौथं सांगायला सुरुवात केली.