टेलरबाईंची अकरावी सही

टेलरबाईंना मी ओळखत होतो म्हणजे काय, तर सव्वीस वर्षं त्यांनी माझ्या पँटी आखूड केल्या. त्यांचं माहेर कुठलं, हेही मला ठाऊक नाही. त्यांच्याविषयी दुसऱ्या कुणीतरी लिहायला हवं होतं. पण गेल्या महिन्यात त्या गेल्या, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

त्या वर्षी जिल्हा परिषदेला अपक्षांचं पेव फुटलं होतं. आमच्या भागात नऊ उमेदवार, त्यात आठ अपक्ष. एक माझा मेहुणा, एक टेलरबाई. बसथांब्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, म्हणून बाईंनी तीन अर्ज केले होते. चौथा केला तो उमेदवारीचाच.

अपक्षाला दहा सूचकांच्या सह्या लागायच्या. मेहुण्याला मी सही दिली. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तर बाईंनी मशीनवरून कागद पुढे केला. "भाऊ, एक सही." मला कुणाला नाही म्हणता येत नाही. केली. एका मतदाराला एकाच उमेदवाराचा सूचक होता येतं, हे जन्मभर कारकुनी केलेल्या मला संध्याकाळी आठवलं. तरी बाईंना जाऊन सांगायचा धीर झाला नाही.

छाननीला मी मागच्या बाकावर बसलो. अधिकारी म्हणाले, "बाई, तुमचा एक सूचक आधी आलेल्या अर्जावरही आहे. त्याची सही बाद." मी डोळे मिटले.

"राहिल्या दहा. अर्ज वैध."

बाहेर मेहुणा हसत म्हणाला, "कोण हो तुमचा हा दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा?"

"असेल कुणी भिडस्त," बाई म्हणाल्या. "तुम्ही तुमची मतं सांभाळा."

मग माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाल्या, "शिवणीत थोडं जास्तीचं कापड ठेवावंच लागतं, भाऊ. मोजून कापलं की फसतं."

बाई एकोणीस मतांनी निवडून आल्या. त्यातलं एक माझं. मेहुण्याला सांगू नका. वर्षभरात स्वच्छतागृह झालं. माझी बायको बाजारातून येताना तिथे थांबते, तेव्हा मी पिशव्या धरून बाहेर उभा असतो. माझ्या भिडेपायी हे राहिलंच असतं, असं दर वेळी मनात येतं.

शेवटच्या खेपेला आभार मानायचे, असं ठरवूनच पँट घेऊन गेलो होतो.

"बाई, ते त्या सहीचं..."

"कंबर वाढली वाटतं, भाऊ?"

"थोडी."

"आतलं कापड सोडते. गुरुवारी न्या."

"बरं," मी म्हणालो.